या आठवड्याचा विषय

फोटोग्राफीच्या साप्ताहिक उपक्रमात ज्या घरातल्या माणसानं नाव घातलंय, त्या घरात सोमवार-मंगळवार उरत नाहीत. आमच्याकडे 'प्रतिबिंब'चा आठवडा असतो, 'पोत'चा असतो, मग 'सावली'चा लागतो. 'प्रतिबिंब'च्या आठवड्यात बाथरूममधली बादली कुणी रिकामी करायची नाही, कारण तिच्यात ट्यूबलाइट सुरेख दिसते. 'थेंब'च्या आठवड्यात गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला दारातून परत पाठवण्यात आलं. त्याला फोन करकरून थकलेली माझी बायको तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. 'गंज' या विषयानं गॅलरीतल्या जुन्या सायकलला जीवदान दिलं. फोटो काढून झाल्यावर ती भंगारात जाणार होती, पण 'जीर्ण' किंवा 'आठवण' असा विषय पुढेमागे आला तर काय, म्हणून ती अजून तिथेच आहे.

नाव घातलंय आईनं. ती गणिताची शिक्षिका होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना गृहपाठ दिल्यावर आता म्हातारपणी आपणच कुणाकडून तरी गृहपाठ घ्यावा, असं तिला वाटलं असावं. ताईनं तिला वाढदिवसाला कॅमेरा दिला. देताना तिची कल्पना अशी, की आई नातवंडांचे फोटो काढील. आईनं आधी कॅमेऱ्याबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या, दोन ठिकाणी मुद्रणदोष काढले. अशी पुस्तिका पुरती वाचलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

नवशिक्याची गाडी जिथं हमखास अडते, ते म्हणजे एफ-चे आकडे. आकडा लहान तर लेन्सचं भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. उपक्रम चालवणारे सर नव्या मंडळींना सांगतात, "उलटं आहे, पाठ करून टाका." आईला 'पाठ करा' हा शब्दप्रयोग गणितात चालत नाही. ती म्हणाली, "उलटं कसलं? भागाकार आहे तो." पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला दोननं भागलं की पंचवीस मिलिमीटरचं भोक, सोळानं भागलं की जेमतेम तीनचं. मग १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही रांग बघून तिचा चेहरा असा उजळला, की तो प्रकाश वाया जातोय याचं मलाच वाईट वाटलं. "अरे, भूमितीय श्रेढी! प्रत्येक वेळी वर्गमूळ दोननं गुणलंय. म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ दर पायरीला निम्मं!" त्या रात्री तिनं बाबांना हे सगळं समजावून सांगितलं. बाबा बँकेत होते, त्यांना फक्त चक्रवाढ व्याज समजतं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "पण मग मी कुठं उभं राहू?"

कारण बाबा हे या उपक्रमातलं मुख्य साहित्य आहे. ट्रायपॉड ते उचलतात. फ्रिजच्या खोक्यातून निघालेलं थर्माकोल हातात धरून सावलीच्या बाजूला उजेड परतवायचं काम त्यांचं. "अहो, थोडं वर. एवढं नको. तिरकं करा. तुमचं पोट मध्ये येतंय." आणि विषयाला माणूस लागला, की माणूसही तेच.

नियम सोपे आहेत. सोमवारी सकाळी विषय येतो, रविवारी रात्री बारापर्यंत एकच फोटो द्यायचा आणि तो त्याच आठवड्यात काढलेला असला पाहिजे. वर्षाचे बावन्न आठवडे, बावन्न विषय. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरच्या नावावर एक वचन सांगितलं जातं, की वर्षात दखल घेण्यासारखे बारा फोटो मिळाले तर पीक चांगलं आलं असं समजावं. डोंगर, झाडं आणि चंद्र टिपण्यात ज्याचा हात कुणी धरू शकलं नाही, त्याचा हा हिशेब. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "मग चाळीस आठवडे सुट्टी घेऊ की आपण." आई म्हणाली, "ते बारा कुठले, हे आधी कसं कळणार?" यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. अॅडम्सकडे तरी असेल की नाही, कोण जाणे.

मला विचाराल, तर या सगळ्यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. नुसता कॅमेरा घरात आला असता, तर आईनं जास्वंद काढली असती, मग गुलाब, मग गच्चीवरचा सूर्यास्त, मग पुन्हा जास्वंद, आणि दिवाळीपर्यंत तो कपाटात गेला असता. बहुतेक घरांतले तिथेच गेलेत. विषयानं घात केला. विषय मिळाला की माणूस शोधायला लागतो, आणि शोधणारा माणूस घरात असला की घरातली एकही वस्तू जागच्या जागी राहत नाही.

'पांढरा' हा विषय आला तो संकष्टीच्या आठवड्यात. आईनं ठरवलं, उकडीचे मोदक. पांढऱ्या ताटलीत, पांढऱ्या पंचावर, वर जरा वाफ. बाबांचा दिवसभराचा उपास. चंद्रोदय रात्री नऊच्या पुढचा. एरवी ते साडेआठपासून गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. त्या दिवशी ते टेबल-लँपवर बटरपेपर धरून उभे होते. एकवीस मोदक चाळणीतून उतरले. कळ्या अशा देखण्या, की माझी बायको, जी या उपक्रमाबद्दल शक्यतो बोलत नाही, तीही म्हणाली, "काढा हो आई, गरम आहेत तोवर."

आईनं काढला. पडद्यावर मोदक राखाडी दिसत होते. सिमेंटचे असावेत तसे. ताटली राखाडी, पंचा राखाडी.

आता यात मोदकांची चूक नव्हती आणि आईचीही नव्हती. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा जो मीटर असतो, त्याचं जगाविषयी एक ठाम मत असतं: समोर काहीही असो, एकंदरीत ते मध्यम करड्या रंगाचंच असणार. सर्वसाधारण दृश्याला हे मत चालून जातं. पण समोर सगळंच पांढरं आलं, की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र खाली ओढतो. काळी म्हैस समोर आली तर उजेड कमी पडला म्हणून वर ओढतो. म्हैस आणि मोदक दोघांनाही तो एकाच रंगावर आणून ठेवतो. आई पुस्तिकेचं ते पान उघडून बसली आणि म्हणाली, "मेला सरासरी काढतोय!" नववीच्या पोरांना तिनं तीस वर्षं बजावलं होतं, की सरासरीवर विश्वास ठेवून नदीत उतरू नये. आणि आता तिच्याच हातातलं यंत्र तेच करत होतं. तिनं भरपाईचं बटण फिरवून सव्वा-दीड पायरी वर नेली, आणि मोदक पांढरे झाले.

एव्हाना ते गारही झाले होते. वाफ नव्हती.

मोदक पुन्हा चाळणीत गेले. वाफ फोटोत दिसायची तर मागून उजेड हवा आणि पाठीमागे अंधार हवा. पाठीमागे पांढरा पंचा होता. पांढऱ्यावर पांढरी वाफ दिसत नाही, हे नऊ वाजून गेल्यावर सिद्ध झालं. पंचा काढून काळी शाल लावावी तर विषय 'पांढरा'. मोदक तिसऱ्यांदा चाळणीत गेले तेव्हा कळ्या बसल्या आणि एकाचं सारण बाहेर आलं. गॅलरीतून आमची लेक ओरडली, "आजोबा, चंद्र!" बाबांनी लँप खाली ठेवला. आई म्हणाली, "अहो, एक मिनिट." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांनी आईचं न ऐकल्याचा प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला तो हा पहिलाच. त्यांनी नैवेद्य दाखवला, चंद्राला नमस्कार केला आणि फुटलेला मोदक तूप घालून उभ्याउभ्या खाल्ला.

आईनं त्यानंतर चंद्र काढला. तोही पांढरा होताच. पहिल्या फोटोत नुसता लख्ख गोळा आला, कारण भोवतालचं आभाळ काळं, आणि मीटर आपला सरासरीच्या मागे. मग तिनं विचार केला: चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. आपल्याकडे रात्र असेल, त्याच्याकडे दुपार आहे. म्हणजे माप दुपारचं लावायचं. एफ-अकरा, सेकंदाचा शंभरावा भाग, आयएसओ शंभर. फोटोत चंद्रावरचे डाग आले. सरांचा शेरा आला: "छान प्रयत्न. पण चंद्र जरा एका बाजूला हवा होता."

सरांच्या शेऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. प्रत्येक गोष्ट थोडी एका बाजूला हवी, असं त्यांचं मत आहे. त्याला ते तृतीयांशाचा नियम म्हणतात: चौकटीच्या उभ्या-आडव्या तीन-तीन पट्ट्या कल्पाव्यात आणि महत्त्वाची वस्तू रेघांवर नाहीतर त्यांच्या छेदनबिंदूंवर ठेवावी. हा नियम या नावानं १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका इंग्रज चित्रकारानं निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात लिहिला, म्हणजे कॅमेरा जन्माला यायच्याही आधी. तेव्हापासून जगातला कुठलाही हौशी माणूस मधोमध उभा राहू शकलेला नाही. बाकी सभासदांच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. 'क्या बात', 'अप्रतिम टिपलंय', आणि 'निःशब्द'. निःशब्द झालेले लोक तसं लिहून का कळवतात, हे आईला विचारायचं नसतं. ती स्वतःही लिहिते.

हा नाद काही आपल्याकडे आजकालचा नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली, आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. तेव्हाच्या काचा उजेडाला इतक्या मंद, की बसणाऱ्यानं बराच वेळ हलायचं नाही. मान हलू नये म्हणून डोक्याच्या मागे लोखंडी चिमटा लावायची सोय होती. हे मी बाबांना वाचून दाखवलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "हे तू आईला सांगितलं नाहीस ना?"

'स्थिरचित्र'च्या आठवड्यात आईला एडवर्ड वेस्टनचा शोध लागला. या वेस्टननं १९३० साली ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढायचा सपाटा लावला, आणि त्यातली तीस नंबरची मिरची जगप्रसिद्ध झाली. पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली ती मिरची बघितलीत तर पाठमोरा पैलवान बसलाय असंच वाटेल. घासलेटच्या काळातलं नरसाळं आमच्या माळ्यावर निघालं. भाजी आणायला गेलेली आई अर्धा तास एकेक मिरची फिरवून, उजेडाकडे धरून बघत होती. भाजीवाला म्हणाला, "आज्जी, किडकी नाय एकबी." ती म्हणाली, "किडकी चालेल, पण पाठीला बाक हवा." पुढे तीन दिवस त्या मिरच्यांना कुणी हात लावायचा नव्हता. पीठ पेरून भाजी करण्याचा माझ्या बायकोचा बेत बारगळला. चौथ्या दिवशी बाबांनी शोध लावला, की वेस्टन आपल्या मॉडेल मिरच्या नंतर खाऊन टाकत असे. त्यानं स्वतःच रोजनिशीत तसं लिहून ठेवलंय. हा पुरावा निर्णायक ठरला. भाजी छान झाली होती. बाक असलेली मिरची जरा जून निघाली.

रस्त्यावरचे फोटो म्हणजे 'व्यक्तिचित्र'चा आठवडा. पुण्यात व्यक्तिचित्र म्हटलं की सगळे फोटोग्राफर मंडईत जातात. १८८६ साली बांधलेली ती दगडी वास्तू, मध्ये मनोरा, वरच्या खिडक्यांतून उतरणारे उजेडाचे पट्टे, खाली कांदे, आणि कांद्यांमागे बसलेली माणसं. या माणसांचे इतके फोटो आजवर निघालेत, की ती आता आपल्यापेक्षा जास्त जाणतात. आई एका आजीबाईंसमोर उभी राहून कॅमेरा चाळवत होती, तेव्हा आजीबाई लसूण निवडतानिवडता मान वर न करता म्हणाल्या, "हिकडनं घ्या मावशी. सकाळचा उजेड हिकडनं येतुया. परवाचं सायेब बी हिकडनंच घेत हुतं." आई तिकडून गेली. आजीबाईंनी पदर नीट केला, हातात लसणाची एक माळ घेतली, नजर दूर कुठंतरी लावली आणि चेहऱ्यावर असं काही दुःख आणलं, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. क्लिक झाल्यावर दुःख गेलं. "आता अर्धा किलो घ्या लसूण." लसणाचा तेव्हाचा भाव बघता तो फोटो आमच्या घरातला सगळ्यात महागडा फोटो आहे.

फोटो आईनं रंगीतच ठेवला. यावर गटात नाराजी झाली. सुरकुत्या असलेला माणूस रंगीत ठेवू नये, असा एक अलिखित कायदा आहे. तरुण मुलगी रंगीत, मूल रंगीत, पण साठी उलटली की कृष्णधवल. आई म्हणाली, "त्यांचं लुगडं हिरवं होतं. मला हिरवंच दिसलं." मला वाटतं, तिनं काढलेल्या फोटोंतला तो सगळ्यात चांगला आहे. त्याला कुणी निःशब्द झालं नाही.

'पिवळा' विषयाला सगळा गट सोमवती अमावास्येला जेजुरीला गेला, हे ओघानंच आलं. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते, भंडारा उधळला जातो, आणि गडाच्या पायऱ्या, माणसं, हवा, सगळं पिवळं होतं. कॅमेऱ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेले लोक तिथे शेकड्यांनी. बहुतेकांच्या फोटोत बहुतेकांचे कॅमेरे आले. एक सभासद एका भक्ताला म्हणाला, "काका, एकदा पुन्हा उधळता का? मघाशी फोकस नव्हता." काकांनी उधळला. नेम अचूक होता. त्या सभासदाच्या लेन्सची कडी फिरवली की अजून हळदीचा वास येतो म्हणतात.

पण वस्तूंचे विषय परवडले. खरी पंचाईत भावनांच्या विषयांत. 'प्रतीक्षा', 'विरह', 'ओढ'. या विषयांना सगळ्यांना एकच बाक सुचतो. 'एकांत' आला, तेव्हा आई सकाळी सहाला जवळच्या बागेत गेली. तळ्याकाठी पिंपळाखाली एक बाक आहे. त्या बाकासमोर गटातले सहा-सात जण ट्रायपॉड लावून आधीच रांगेत उभे होते आणि बाकावर एकमेकांना आळीपाळीनं एकटं बसवत होते. रांगेत थोडी बाचाबाचीही झाली, कारण एकाचा एकांत फार वेळ चालला.

आई परत आली आणि तिनं बाबांना गच्चीत नेलं. संध्याकाळची वेळ, आभाळ निळं पडत चाललेलं. पाण्याच्या टाकीशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीत बाबा, कॅमेऱ्याकडे पाठ. "खांदे पाडा. अजून. बनियनवरच बसा, शर्ट नको. मान थोडी खाली." बाबांनी खांदे पाडले. इतकी वर्षं ट्रायपॉड उचलून त्यांना ते जड गेलं नाही. फोटोत खाली उजव्या तृतीयांशावर छोटे बाबा, वर अफाट आभाळ, तारेवर वाळत टाकलेली एकच साडी.

या फोटोला पहिला नंबर मिळाला. सरांनी लिहिलं, "क्षितिज सरळ आहे. अभिनंदन." आईनं तो नातेवाइकांच्या गटावर टाकला. वर काही लिहिलं नाही, कारण चांगल्या फोटोला मथळा लागत नाही, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

पहिला फोन साताऱ्याहून आत्याचा आला. तिनं आईचा नव्हे, माझा नंबर लावला. "दादाचं बरं आहे ना रे?" म्हणाली. "काही बोलायचं असलं तर मोकळेपणी बोल." मग ताईचा व्हिडिओ कॉल आला, ती रडवेली होती आणि महिनाभर बाबांना आपल्याकडे न्यायला तयार होती. मग बाबांच्या बँकेतले दोन जुने सहकारी न सांगता घरी आले, सोबत अर्धा किलो पेढे घेऊन. ते तासभर बसले. आईशी अगदी बेतानं बोलत होते. जाताना त्यातल्या एकानं बाबांचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाला, "कधीही ये. वहिनींना सांगायची गरज नाही."

बाबांना आठवडा फार सुखाचा गेला. कुणी ना कुणी येत होतं, पेढे होते, आणि थर्माकोल धरायला आईनं मला बोलावलं. रविवारी ते स्वतःहून म्हणाले, "पाठमोरा आणखी एखादा काढून ठेवूया का?"

सोमवारी विषय आला, 'आनंद'. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसले. आईनं डोळ्याला कॅमेरा लावला, भोक कमीजास्त केलं, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. मग कॅमेरा खाली घेतला.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुमच्याकडे बघून लोकांना आता पटणार नाही. त्या प्लंबरला फोन करा. नळ दुरुस्त झाल्यावर सूनबाई कशी दिसते, ते बघू."